मंगळवारी जागेवर नसलेलं घर

आमच्या हॅलोरनमध्ये माणसाचा नंबर त्याच्या आडनावाला चिकटलेला असतो. कॅडवेल म्हणजे एक, ऑस्लंड म्हणजे चार, आणि आम्ही सेडलाक अकरा. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी जुन्या रहिवाशांची मिरवणूक निघते, तेव्हा ज्याच्या आजोबांना सरकारी जमिनीचा पट्टा आधी मिळाला तो पुढे चालतो, नंतर मिळाला तो मागे. प्रत्येक घराण्याकडे पत्र्याची पांढरी पाटी असते, तिच्यावर काळा आकडा. माझ्या बहिणीचं लग्न सोळा नंबरात ठरलं तेव्हा आईने दोन दिवस जेवण टाकलं होतं. मुलगा चांगला होता, पण सोळा.

एकोणीस घराणी संपली की घोडे येतात. आणि घोड्यांच्या मागे, हातगाडी आणि फावडं घेऊन लीद गोळा करत, सिग्ने टॉर्विक. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं. तिच्या आईला जमीन मिळाली नाही, म्हणून नंबर नाही, आणि नंबर नाही तर मिरवणुकीत चालायला काहीतरी निमित्त हवं. आधी तिची आई रागना हे करायची. ती गेल्यावर सिग्नेने गाडी उचलली. आमचं स्थानिक वर्तमानपत्र दरवर्षी बातमीच्या शेवटी एकच वाक्य छापायचं : ‘रस्ता नेहमीप्रमाणे स्वच्छ ठेवण्यात आला.’

एकोणीसशे एकोणनव्वद साली मोंटाना राज्याला शंभर वर्षं झाली. जूनमध्ये सिग्नेमावशी म्युझियममध्ये आली. हे म्युझियम मी सांभाळते. एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला दुसऱ्या कोणत्या कामाला ठेवत नाहीत. मावशी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. हातगाडीला आता ती धरून चालते की हातगाडी तिला, हे सांगणं अवघड झालं होतं.

“व्हर्ना,” ती म्हणाली, “सप्टेंबरात मी भाचीकडे जातेय, स्पोकेनला. परत काही येत नाही.”

“असं का बोलता मावशी?”

“डॉक्टर बोलतो, मी नाही. ऐक. या वर्षी मला नंबर पाहिजे.”

“कोणता?”

“कोणताही चालेल. वीस दिलात तरी वीस. फक्त घोड्यांच्या पुढं.”

मी म्हटलं, नंबराला पट्टा लागतो. ती म्हणाली, ते तिला ठाऊक आहे. मग तिने आणलेली लेफ्से, म्हणजे त्यांच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. मला त्या दिवशी स्वतःचाच राग आला. सात वर्षांची असल्यापासून मी ती मिरवणूक बघतेय, आणि मागे फावडं कोण मारतं याच्याकडे मी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आमचा अकरा नंबर. अकरा नंबरवाले मागे बघत नाहीत, दहा नंबरवाल्यांकडे बघतात.

तेव्हा मी शतक-महोत्सवाच्या प्रदर्शनाची तयारी करत होते. प्रत्येक घराण्याकडून एक जुना फोटो मागवला होता, ‘आमचं पहिलं घर’ म्हणून. एकोणीस आले. मी ते लांब टेबलावर ओळीने मांडले आणि चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

एकोणीस फोटोंमध्ये एकच घर होतं.

बारा फूट बाय चौदा फूट, पट्ट्यापट्ट्यांचं दार, दाराच्या वर उलटा ठोकलेला घोड्याचा नाल आणि डावीकडे किंचित कललेली एकुलती एक खिडकी. पुढे उभी असलेली माणसं बदलत होती. कॅडवेल मिशांवर हात ठेवून, ऑस्लंड आठ मुलांसह, आमचे सेडलाक आजोबा दुसऱ्याचा कोट घालून. मागच्या टेकड्याही बदलत होत्या. हेच घर गेली चाळीस वर्षं म्युझियमच्या अंगणात उभं आहे, ‘कॅडवेल घर, जिल्ह्यातलं पहिलं’ अशा पाटीखाली. बाकीची अठरा घराणी त्याच्याकडे बघून आपापसांत कुजबुजायची की कॅडवेलांनी आमचं घर लाटलं. मला वाटायचं, त्या काळी सगळी घरं एकाच धाटणीची असत.

आणि प्रत्येक फोटोत खिडकीच्या काचेआड एक लहान मुलगी होती. हातात मांजर.

तिला आमच्याकडे बोझेना आत्या म्हणतात. घटसर्पाने लहानपणीच गेली. आई दरवर्षी तिच्या नावाने मेणबत्ती लावायची. ऑस्लंडांकडे ती इंगा. कॅडवेलांकडे मॅटी आत्या, तिच्या नावाने तर दफनभूमीत दगडही आहे. एकोणीस घराण्यांनी एकाच मुलीला एकोणीस नावं देऊन मारलं होतं.

मी तो अकरा नंबरचा फोटो घेऊन सिग्नेमावशीच्या खोलीवर गेले. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

“हा ओला,” ती मांजराकडे बोट दाखवून म्हणाली. “त्याचा एक कान कोल्ह्याने नेला.”

“आणि ही मुलगी?”

“मी.” तिने इतक्या सहज सांगितलं की मी खुर्ची शोधली. “फोटोवाला ओरडायचा, पोरी, खिडकीतून बाजूला हो. मी नाही व्हायचे. मी का होऊ? घर आमचं होतं.”

मग तिने सगळं सांगितलं. तिचे वडील रेल्वेच्या कामावर सुतार होते. रूळ पुढे सरकेल तसा स्वयंपाकघराचा खोका पुढे सरकवावा लागे, म्हणून त्यांनी तो दोन जाड ओंडक्यांवर बांधला होता. पुढे घोडे जुंपले की घर निघालं. वडील विषमज्वराने गेले. रेल्वेने रागनाला तो खोका देऊन टाकला आणि वर पत्रकं दिली, की मोंटानात नांगर चालवला की मागून पाऊस येतो. रागनाने खोका ओढत आणला, तीनशे वीस एकरांवर ठेवला, आणि नांगर चालवला. पाऊस आला नाही, पण बाकीचे लोक आले.

“सगळे जमिनीत भोक खणून राहत होते,” सिग्नेमावशी म्हणाली. “नाहीतर गावात. होरेस कॅडवेल तर गावातल्या तबेल्यातच झोपायचा. आणि कायदा म्हणायचा, तीन वर्षं घर बांधून राहिलात तर जमीन तुमची. अधिकाऱ्याला दार पाहिजे, खिडकी पाहिजे. मग लोक आईकडे यायचे. रागना, आठवडाभर घर दे. आई द्यायची. कोणी बटाटे द्यायचं, कोणी अर्धं डुक्कर.”

“आणि तुम्ही कुठं राहायचात?”

“घरातच. घर आमचं होतं ना. सकाळी उठावं तर खिडकीत नवीन टेकडी.”

म्हणजे माझे आजोबा, ज्यांच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगून मी एकतीस वर्षं मुलांना झोपवलं, त्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती की या घरात मी तीन वर्षं राहिलो. ते त्यात तीन दिवस राहिले. स्वयंपाक रागनाने केला.

“पण मग तुमच्या आईला जमीन का नाही मिळाली?” मी विचारलं. “घर तर तुमचंच.”

“ते मला नाही माहीत,” मावशी म्हणाली. “आई त्यावर बोलायची नाही. एवढंच म्हणायची, मंगळवारी घर जागेवर नव्हतं.”

जुन्या जमीन अधिकाऱ्याची पत्र्याची ट्रंक त्याच्या नातवाने आदल्या वर्षी म्युझियमला दिली होती. त्यात साक्षीपुराव्याच्या नकला होत्या. मी चार दिवस शोधलं. रागना टॉर्विकचा कागद होता एकोणीसशे चौदाच्या ऑक्टोबरातल्या मंगळवारचा. संपूर्ण जिल्ह्यातला पहिला. साक्षीदार : होरेस कॅडवेल.

‘प्रश्न सहावा : सदर जमिनीवर घर आहे काय? साक्षीदाराने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे काय?’

‘उत्तर : नाही. सध्या नाही.’

घर कुठे गेलं, हे अधिकाऱ्याने विचारलं नाही, कारण छापील कागदावर सातवा प्रश्न विहिरीचा होता.

त्याच्या खालचा कागद त्याच आठवड्यातल्या शुक्रवारचा. अर्जदार होरेस कॅडवेल. खरं तर त्याच्या तपासणीची तारीख आदल्या शुक्रवारची होती, पण अधिकाऱ्याची दाढ दुखत होती म्हणून ती आठवडाभर पुढे गेली. रागनाने घर आदल्या शुक्रवारपुरतं दिलं होतं. होरेसने ते परत केलं नाही. मंगळवारी तिच्या जमिनीवर घर आहे म्हणावं, तर शुक्रवारी आपल्या जमिनीवर काय दाखवायचं? देवभक्त माणूस, एका आठवड्यात दोनदा खोटं बोलणं त्याला पटलं नसावं. एकदाच बोलला, शुक्रवारी. ‘घर आहे. बारा बाय चौदा. खिडकी एक, कललेली.’

रागनाच्या जमिनीवर महिन्याभरात कॅडवेलच्या मेहुण्याने अर्ज केला. आज ते कॅडवेलांचं गवताचं शेत आहे. जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं गवत. शुक्रवारनंतर घर परत मिळालं, आणि रागनाने मग ते उरलेल्या अठरा जणांना पुरवलं. जमीन गेल्यावर तिच्याकडे तेवढंच होतं. शेवटच्याचं काम झाल्यावर ते ठेवायला तिला जागा नव्हती, म्हणून ते कॅडवेलांच्या आवारात राहिलं आणि तिथून म्युझियममध्ये आलं.

जुलैत समितीची बैठक चर्चच्या तळघरात भरली. कॉफी नेहमीसारखीच, तळाचा चमचा दिसेल अशी. अध्यक्ष ड्वेन कॅडवेल, होरेसचा नातू. सहाशे गुरं, हात फावड्याएवढे, आणि माझ्याकडे तिसरीत असताना सातचा पाढा न येणारा. मी एकोणीस फोटो टेबलावर मांडले आणि दोन्ही कागद मोठ्याने वाचले. सिग्नेमावशी कोपऱ्यात बसून लेफ्सेला लोणी लावत होती.

फोटो या हातातून त्या हातात फिरले. मग औषधांच्या दुकानाचा ऑस्लंड म्हणाला, “बाई, म्हणजे आमचे आजोबा शपथेवर खोटं बोलले?”

“तुमचे बोलले, माझे बोलले, सगळ्यांचेच बोलले. खरं एकटे ड्वेनचे आजोबा बोलले. एकदाच, मंगळवारी.”

“बघा!” ड्वेन म्हणाला. “खरंच बोलले ना ते? मग त्यांचा काय दोष?”

“ड्वेन, खाली बस.”

“अध्यक्ष आहे मी, बाई.”

“बसून अध्यक्ष हो.”

तो बसला. पण हटला नाही. “मावशींबद्दल मला आदर आहे. रस्ता त्या चकाचक ठेवतात. पण पट्टा नाही तर नंबर नाही. नियम मी केलेला नाही. आज एकाला दिला तर उद्या कोणीही उठून मागेल.”

“कोण मागेल?” मी विचारलं. “गावात नंबर नसलेलं दुसरं आहे कोण?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तत्त्व म्हटल्यावर लोकांना हायसं वाटलं. हात वर झाले. मावशीच्या बाजूने माझा एक आणि ऑस्लंडचा अर्धा, तो त्याने नंतर डोकं खाजवायला नेला. मला इतका संताप आला की मी माझा कप खाली ठेवला, आणि तो आवाजही कोणाला ऐकू आला नाही.

तेव्हा सिग्नेमावशी बोलली. “बरोबर आहे ड्वेनचं. नियम मोडू नका. आईच्या कागदात कमी काय पडलं? एक घर आणि एक साक्षीदार. घर व्हर्नाच्या अंगणात आहे. साक्षीदाराचं तुम्ही बघा.” तिने लेफ्सेची घडी घातली. “मंगळवारी मी शेतात जाऊन बसते. आईही बसली होती.”

“मावशी, पंचाहत्तर वर्षं झाली,” ड्वेन म्हणाला.

“हो. जास्तच उशीर केला तुम्ही.”

ती जिना चढून गेली. लोक फोटो गोळा करायला लागले. ड्वेनने आपला उचलला आणि तिथेच उभा राहिला.

“बाई, ही आमची मॅटी आत्या. आई दर मे महिन्यात तिच्या दगडावर फुलं ठेवते.”

“ती आता जिन्यावरून गेली. गुडघे दुखतात तिचे.”

“आजोबांना मुलगी नव्हती का?”

“होती. वीस साली झाली, तुझी आत्या पर्ल. त्याआधी कोणी नाही. चर्चच्या वहीत बघ.”

त्याने फोटो खिशात घातला, मग खिसा लहान पडला म्हणून हातात घेतला.

मंगळवारी सकाळी दहाला मी मावशीला गाडीतून कॅडवेलांच्या गवताच्या शेतात नेलं. परवानगी घेतली नव्हती. घडीची खुर्ची मांडली, थर्मास ठेवला. मावशीने लग्नात घालतात तसा निळा ड्रेस घातला होता आणि मांडीवर हातपिशवी. गवत कापून झालं होतं. नुसतं सपाट रान आणि वर आभाळ. अकरा वाजले. बारा वाजले. मी म्हटलं, मावशी, ऊन वाढतंय.

“आई संध्याकाळपर्यंत बसली होती,” ती म्हणाली. “आम्ही दोघी होरेसकडून चालत पुढं आलो होतो. ती मला म्हणाली, होरेस शब्दाचा पक्का आहे, घर मागून आणेल. मी आणि ओला रस्त्याकडे बघत होतो. मी धूळ दिसली की ओरडायचे, आई, घर आलं. ती वावटळ असायची.”

तिने हे साध्या आवाजात सांगितलं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ कुंपणाचे खांब मोजले. शाळेत मुलांनी मला रडताना कधी पाहिलं नाही, आणि आता सवय करायची इच्छा नव्हती.

दोनच्या सुमाराला रस्त्यावर धूळ दिसली. या वेळी मावशी ओरडली नाही. मीही नाही. धूळ फाटकाशी वळली, आणि तिच्यातून ड्वेनचा ट्रॅक्टर निघाला, त्याच्या मागे लांब सपाट गाडा, आणि गाड्यावर घर. म्युझियमची मालमत्ता अध्यक्षाने विनापरवाना हलवली होती. मी ती नंतर कागदोपत्री ‘डागडुजी’ म्हणून दाखवली.

त्याने घर उतरवायला पाऊण तास घेतला. घाम पुसत तो आमच्याकडे आला.

“दार पूर्वेला होतं,” मावशी म्हणाली.

ड्वेनने घराकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि परत गेला. आणखी अर्धा तास. दार पूर्वेला झालं.

मी जुना कागद काढला. ड्वेनने टोपी काढून उजवा हात वर केला. बायबल आणायचं राहिलं होतं, म्हणून त्याने डावा हात दाराच्या चौकटीवर ठेवला. मी विहिरीचा प्रश्न गाळला.

“प्रश्न सहावा. सदर जमिनीवर घर आहे काय? साक्षीदाराने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे काय?”

“हो,” ड्वेन म्हणाला. “आहे. पाहिलं.” मग घसा खाकरून, “सदर घर साक्षीदाराच्या आजोबांनी वेळेवर परत आणलं नाही. तेही लिहा, बाई.”

“तो प्रश्न नाही कागदावर.”

“कडेला लिहा.”

मी कडेला लिहिलं. दुसरी साक्षीदार म्हणून मी सही केली. सिग्नेमावशीने कागद घेतला, वाचला, हातपिशवीत ठेवला आणि पिशवीचा चाप दोनदा दाबून पाहिला.

“आता माझा वीस नंबर?” तिने विचारलं.

ड्वेन त्याच्या ट्रॅक्टरकडे गेला. मिरवणुकीसाठी त्याने पाटी आधीच बसवून ठेवली होती. खिशातून पाना काढून त्याने दोन्ही बोल्ट सोडवले. पाटी घेऊन आला आणि मावशीच्या मांडीवर ठेवली. पांढऱ्यावर काळा एक.

“हे काय?” ती म्हणाली. “मी एवढं मागितलं नव्हतं.”

“मावशी, तुमचा मंगळवार. आमचा शुक्रवार. मंगळवार आधी येतो.”

सातचा पाढा नाही आला त्याला, पण वार आले. त्या क्षणी त्याला पहिला नंबर द्यावा असं मलाही वाटलं, पण तो नुकताच दिला गेला होता.

त्यामुळे जिल्ह्यातलं प्रत्येक घराणं एकेक पायरी खाली सरकलं. आम्ही सेडलाक बारा झालो. आई हयात नाही हे एका परीने बरं झालं. ऑस्लंडने पाच नंबर रंगवून घेतला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

शनिवारी सगळ्यात पुढे सिग्नेमावशी होती. गळ्यात एक नंबरची पाटी, आणि हातात तीच हातगाडी, कारण तिच्याशिवाय तिला चालता येत नव्हतं. गाडी रिकामी होती. बारा नंबरवालीने आपल्या जागी चालायचं असतं, पण मी तिच्या शेजारून चालले. पडली असती तर कोण धरणार? मागे ड्वेन, दोन नंबर, ट्रॅक्टरवर मान ताठ.

बँकेच्या कोपऱ्यावर वळताना तिने पहिल्यांदाच मागे पाहिलं. पूर्ण मिरवणूक दिसत होती, वीस घराणी, मग घोडे, आणि घोड्यांच्या मागे रिकामा रस्ता.

“व्हर्ना,” ती हळूच म्हणाली, “मागं लीद पडलीय.”

“पडू दे, मावशी.”

तिने क्षणभर विचार केला. गाडीच्या दांड्यांवरची पकड सैल केली, पुन्हा धरली.

“पडू दे,” ती म्हणाली, आणि पुढे निघाली.